भोक जन्मापासूनचं, व्हॉल्व्ह नंतर आकसलेला – माझा अनुभव

लुटेमबाकर सिंड्रोम. रिपोर्टवर हे नाव बघून घरात कुणालाच काही उलगडेना. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक, म्हणजे एएसडी, आणि वर मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप, आकसलेला. व्हॉल्व्हचं दुखणं जन्माचं नाही, लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले, त्या ऱ्हुमॅटिक फिव्हरची ती देणगी. 1916 साली लुटेमबाकर या फ्रेंच डॉक्टरांनी ही जोडी मांडली.

मला दम लागायचा, छातीत धडधडायचं, पाय सुजायचे. पहिल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भोक दिसलं पण व्हॉल्व्ह "थोडासा आकसलाय" एवढंच लिहिलेलं, आणि खरी मेख इथेच आहे. व्हॉल्व्ह आकसला की डाव्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं आणि प्रेशर वाढतं, पण माझं तुंबलेलं रक्त भोकातून उजवीकडे निघून जात होतं त्यामुळे प्रेशर कमी भरायचं, व्हॉल्व्ह बरा वाटायचा आणि तो सगळा भार घेऊन उजवी बाजू मोठी होत चालली होती. पुढच्या डॉक्टरांनी प्रेशरच्या आकड्यावर न जाता इकोत व्हॉल्व्हचं तोंडच मोजलं. नॉर्मल 4 ते 6 चौरस सेंटिमीटर, दीड किंवा त्याखाली म्हणजे सिव्हिअर, माझं 1 च्या आसपास! तुमचं असं दुहेरी दुखणं असेल तर तोंड थेट मोजलंय का हे विचाराच.

नुसतं भोक बुजवलं असतं तर रक्ताला वाटच उरली नसती, फुप्फुसात पाणी झालं असतं. हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप नाही. म्हणून आधी व्हॉल्व्ह, मग भोक.

त्याआधी घशातून नळी घालून इको झाला, कप्प्यात गुठळी नाही ना आणि भोकाच्या कडा ते बुजवायचं डिव्हाइस धरतील ना ते बघायला. ते फार नकोसं वाटतं पण टाळू नका. कडा चांगल्या निघाल्या, व्हॉल्व्हवर कॅल्शियमही फारसं नव्हतं, त्यामुळे ओपन हार्ट टळलं. मांडीतल्या शिरेतून बलून नेऊन व्हॉल्व्ह उघडला, तो गळत नाही ना बघितलं आणि मगच डिव्हाइस बसवलं.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, पहिले 6 महिने दाताचं काम करायचं तर आधी अँटिबायोटिक. पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 3 आठवड्यांनी चालूच, जाम दुखतं, तरी मी ते चुकवत नाही कारण ऱ्हुमॅटिक फिव्हर परत आला तर व्हॉल्व्ह आणखी खराब होईल. व्हॉल्व्ह पुन्हा आकसूही शकतो, त्यामुळे इको ठरलेल्या वेळी करायचाच.