आधी छेद बघा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि स्मरणिकेसाठी कोणाविषयी लिहायचं, हा प्रश्नच पडला नाही. गणिताच्या बाई! इतर गुरुजनांचं ऋण आहेच, पण मी आज आरोग्य अर्थशास्त्र शिकवते ती बाईंमुळे.

आठवीत शेकडेवारी चालू होती. वर्गप्रमुखाने आमच्याच वर्गाची महिन्याची हजेरी फळ्यावर काढली. टक्केवारी फार छान आली. बाईंनी मात्र उत्तराकडे पाहिलंच नाही, छेद पाहिला. त्यात एक नाव कमी होतं. आमची एक मैत्रीण खूप दिवस आजारी होती; ती येतच नाही, म्हणून तिला वगळलं होतं. "पटावर नाव आहे ना तिचं? मग ती छेदात," बाई म्हणाल्या आणि गणित पुन्हा करायला लावलं. टक्केवारी उतरली. त्याच संध्याकाळी बाई तिच्या घरी जाऊन आल्या, हे आम्हाला नंतर कळलं.

पुढे एम.ए.ला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांचा वैद्यकीय सेवेवरचा 1963 चा निबंध वाचला. आजार कधी येईल ते सांगता येत नाही आणि उपचारांविषयी डॉक्टरला जे कळतं ते रुग्णाला कळत नाही. म्हणून इथे नेहमीचे बाजाराचे नियम पुरे पडत नाहीत. माझा विषय तिथेच ठरला.

पीएचडी कुटुंबांच्या औषधोपचारांवरील खर्चावर केली. हा खर्च एकूण घरखर्चाच्या 10 किंवा 25 टक्क्यांहून जास्त झाला की कुटुंबावर आपत्ती कोसळली असं मानायची पद्धत जगभर बराच काळ चालली. पण पैशांअभावी जे दवाखान्याची पायरीच चढले नाहीत, त्यांचा खर्च शून्य! तक्त्यात ते घर सुखरूप दिसतं. तो तक्ता पाहताना मला बाईच आठवल्या. प्रश्नावलीत मी एक भाग वाढवला: आजारी असूनही उपचार का घेतले नाहीत? त्या उत्तरांवरच माझा प्रबंध उभा राहिला.

आता दरवर्षी विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेचा आरोग्य विम्याचा प्रयोग शिकवते. 1974 ते 1982 या काळात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वेगवेगळ्या विमा योजना दिल्या होत्या. खिशातून पैसे भरावे लागले त्यांनी उपचार कमी घेतले, तरी सरासरी प्रकृतीत फारसा फरक पडला नाही, हा निष्कर्ष मुलं पाठ करून येतात. गरीब घरांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना मात्र मोफत उपचारांचा फायदा झाला होता, हे त्या सरासरीत दडून जातं. मी आधी विचारते, प्रयोग मधेच सोडून कोण गेलं? पैसे भरावे लागणाऱ्या गटांतून गळती जास्त होती आणि त्यावरून अभ्यासकांत वाद झाले आहेत.

शाळेत आता हजेरी संगणकावर लागते, टक्केवारी आपोआप निघते असं ऐकलं. सोय आहे, पण मला हळहळ वाटते. तो भागाकार मुलांच्या हातूनच व्हायला हवा.

माझा प्रबंध बाईंना अर्पण केला आहे. तो पाहायला त्या राहिल्या नाहीत. त्यांच्या नावाने दरवर्षी एक बक्षीस ठेवायची माझी इच्छा आहे. ते गुणांवर देऊ नये. पाहणी करून, आपल्याला कोण भेटलं नाही आणि का, हेही लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला द्यावं. रक्कम मी पाठवते. समितीने मान्यता द्यावी ही विनंती.