गवयाचे हात

नागपुरात धरमपेठेत असो की महाल भागात, गाण्याच्या क्लासच्या भिंतीवर बहुधा गुरूंचं तैलचित्र असतं. गुरुपौर्णिमेला त्याला हार चढतो आणि नेमके हात झाकले जातात. खरं तर चित्र बघायचं ते हातांपासून. चेहरा फोटोवरून जमून जातो. चित्रकाराने मैफल किती पाहिली, ते बोटं सांगतात.

तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने छेडतात, उरलेल्या तीन तर्जनीने. बोटं तारांना जवळपास समांतर आणि सैल. पेर नुसतं घासून जातं. चित्रात ती आकड्यासारखी वाकली की मांडीवर तंबोरा असूनही हात सतारियाचा वाटतो. तारांचंही तसंच. पट्टीने ओढलेल्या चार पांढऱ्या रेषा म्हणजे बंद वाद्य. उजेडात तार दोन-तीन ठिकाणीच चमकते, बाकी दांडीच्या रंगात बुडून जाते. आणि तोंड! आलाप घेताना एकेक दात रंगवला की दाढदुखीच दिसते. डोळे मिटलेले असतील तर बुबुळातला चमकता ठिपका गेला. मग सगळा भाव भुवयांच्या मध्ये आणि मानेच्या शिरांत शोधावा लागतो.

भाव ठरतो तो कडांवर. पागानिनी या व्हायोलिनवादकाची दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत. अँग्र या फ्रेंच चित्रकाराने १८१९ मध्ये पेन्सिलीने काढलेला पागानिनी व्हायोलिन काखेत धरून नीटनेटका उभा आहे, प्रत्येक रेषा स्वच्छ. देलाक्रवा या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या १८३१ च्या तैलचित्रात तो वाजवतो आहे; काळे कपडे काळोखात विरलेत, उरलेत चेहरा, हात आणि थोडा सदरा. पहिल्यात माणूस ओळखू येतो, दुसऱ्यात वादन. मला दुसरा जवळचा.

अशी विरलेली कड जलरंगात हवी तर नागपूरचा मे महिना वैरी. पारा पंचेचाळिशीला टेकला की वॉश, म्हणजे रंगाचा पाणीदार थर, पसरण्याआधीच वाळतो आणि खांद्याभोवती कडक रेघ उमटते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा, पंखा बंद ठेवावा, पार्श्वभूमी सकाळीच उरकावी.

तैलरंगात ही घाई नाही, पण थरांचा क्रम चुकवून चालत नाही: खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढत जाणारं. काळा रंग मुळातच उशिरा सुकतो. तो ओला असताना वर लवकर सुकणारा थर दिला की काही वर्षांत तडे जातात. गुरूंच्या खांद्यामागे जाळं पसरतं आणि घरचे म्हणतात, भिंतीला ओल आली.