सुया घ्यायच्या आधी आपला हात बघा

विणकाम शिकायला लागलेल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या सुया घेऊ, आणि मी दर वेळी उलट विचारते की तुझा हात घट्ट आहे का सैल. कारण सगळं तिथूनच ठरतं. हात घट्ट असेल, म्हणजे टाके सुईला चिकटून बसतात आणि पुढे सरकवायला जोर लागतो, तर स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत सुया घ्या. हात सैल असेल, टाके आपोआप घसरून सुटत असतील तर बांबू किंवा लाकूड, त्यावर लोकर थोडी धरून राहते. नवशिक्यांना मी बांबूच सांगते, कारण सुटलेला टाका उचलायचं टेन्शन सुरुवातीला नकोच, शिवाय त्या वजनाला हलक्या असतात आणि थंडीत धातूसारख्या गार लागत नाहीत. फक्त २ मिमीच्या आसपासच्या बारीक सुया लाकडाच्या घेऊ नका, मोजे विणताना पटकन मोडतात, तिथे स्टील नाहीतर कार्बन फायबर.

दुसरं म्हणजे टोक. याकडे कोणी बघतच नाही! लेसची जाळीदार वीण किंवा दोन-तीन टाके एकत्र घ्यायचे असतील तर टोकदार सुईशिवाय मजा नाही, पण लोकर सैल पिळाची असेल तर तेच टोक धाग्याच्या मधोमध घुसतं आणि धागा फाटतो, तिथे बोथट टोकच बरं. काही जणांना डाव्या सुईचं टोक बोटाने मागे ढकलायची सवय असते, त्यांनी तर टोकदार सुई घेऊच नये, बोटाला अक्षरशः भोक पडल्यासारखं दुखतं.

आता सरळ सुया का गोल (म्हणजे लवचिक केबलने जोडलेल्या दोन छोट्या सुया), तर माझं मत अगदी स्पष्ट आहे, मनगट किंवा खांदा दुखत असेल तर गोल सुईच घ्या. स्वेटरची पाठ अर्धी झाली की सरळ सुयांवर सगळं वजन मनगटावर लटकतं, गोल सुईत ते केबलवरून मांडीवर येतं. आणि गोल सुईवर फक्त गोलच विणायचं असं काही नाही हं, ओळ संपली की काम फिरवायचं आणि परत विणायचं, सपाट तुकडा मस्त होतो. ज्यांना उजवी सुई काखेत दाबून विणायची सवय आहे त्यांना मात्र लांब सरळ सुईच लागते, आणि त्यांचा स्पीड बघण्यासारखा असतो. गोल सुई घेताना केबल धरून टोकापासून टोकापर्यंतची लांबी बघा, टोपीला ४० सेंमी, स्वेटरला ८० सेंमी साधारण चालते, पण विणायच्या घेरापेक्षा सुई लांब नको, नाहीतर टाके ताणले जातात. सुई आणि केबलचा सांधा बोटाने चाचपून बघा, तिथे जरा जरी खाच असली तरी प्रत्येक ओळीत टाके अडकणार. नवीन केबल वेटोळं सोडत नसेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या.

नंबरांचा घोळ वेगळाच. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन पद्धतीत तीच सुई ६ नंबर, आणि ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते तर अमेरिकन वाढला की जाड. म्हणून मिमीच बघायचं.

आणि एक, स्वेटर अर्धा झाल्यावर धातूची सुई सोडून बांबूची घेऊ नका, मिमी तेच असले तरी वीण बदलू शकते. १० सेंमीमध्ये २२ टाके बसतात असं धरून २२० टाके घातले तर घेर १०० सेंमी होतो, तेच २० बसायला लागले की ११० सेंमी! त्यामुळे नमुन्याचा चौकोन (टाके मोजायला आधी विणतात तो छोटा तुकडा) ज्या सुईवर विणलात त्याच सुईवर पूर्ण स्वेटर विणा, आणि चौकोन विणताना दहा मिनिटांत बोटं आखडली तर ती सुई तुमच्या हाताची नाही, मोठं काम सुरू करायच्या आधीच बदला.