घुमारा धरणारा सॅम्पलर

मी पुण्यात रिदम प्रोग्रामिंग करते. मालिका, जाहिराती आणि अधूनमधून नाटक. गेल्या वर्षी एका व्यावसायिक नाटकाचं काम आलं. त्यात नायिकेच्या दोन प्रवेशांत ढोलकी तिच्या हालचालीवर वाजते. ती वळली की थाप, थबकली की घुमारा, म्हणजे डाव्या हाताच्या दाबानं चढत जाणारा घुमणारा आवाज. प्रेक्षकांचा हशा लांबला तर ढोलकीनंही थांबायचं. आधीच वाजवून ठेवलेला ट्रॅक इथे कामाचा नाही, कारण प्रत्येक प्रयोगाची चाल वेगळी. पुण्या-मुंबईच्या प्रयोगांना ढोलकीवादक अण्णा स्वतः बसणार होते. कोल्हापूर, सांगली आणि पुढे विदर्भाच्या दौऱ्याच्या तारखांना मात्र त्यांचे कार्यक्रम आधीच ठरलेले होते. त्या प्रयोगांत संगीत ऑपरेटर विंगेत बसून १६ पॅडच्या कंट्रोलरवर त्यांचेच बोल वाजवणार, आणि आवाज लॅपटॉपमधल्या सॅम्पलरमधून, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पॅडवरून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येणार, असं ठरलं.

सॅम्पलर कोणता घ्यायचा हे एकाच दिवसात ठरवायचं होतं. सकाळी रेकॉर्डिंग, दुपारी तेच आवाज तीन सॅम्पलरमध्ये लावून तुलना, संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये चाचणी. तिघांत एक काँटॅक्ट, बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा. २००२ पासून आहे आणि आमच्या धंद्यात जवळजवळ प्रत्येक मशीनवर सापडतो. दुसरा लॉजिक या ॲपलच्या संगीत-सॉफ्टवेअरमधला सॅम्पलर. जुन्या ईएक्सएस२४ ची जागा त्यानं २०२० मध्ये घेतली आणि माझं रोजचं काम त्यातच चालतं. तिसरा प्लोगचा स्फोरझांडो. हा फुकट मिळतो आणि एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली वाचतो. कुठली फाइल कुठल्या पट्टीवर, किती जोराला, कशानंतर वाजवायची, हे सगळं नोटपॅडमध्ये लिहायचं.

अण्णा आले तेव्हा मी एसी बंद केला. एसीच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे ढोलकीचं चामडं, चढत जाते. सकाळी लावलेला सूर दुपारपर्यंत राहत नाही, आणि मग एकाच संचातले बोल एकमेकांशी भांडतात. ढोलकी काळी पाचला लावली, कारण नायिका त्याच पट्टीत गाते. एक माइक शाईच्या बाजूला, एक घुमाऱ्याच्या बाजूला आणि एक समोर थोडा दूर. प्रत्येक बोल हलक्यापासून जोरदारपर्यंत पाच पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर अनेकदा वाजवून घेतला. तीच फाइल पुन्हा पुन्हा वाजली की कानाला लगेच यंत्र कळतं. सॅम्पलर आळीपाळीनं वेगवेगळ्या फाइली वाजवतो, त्याला राउंड रॉबिन म्हणतात, आणि ही सोय तिन्हींत आहे.

अण्णांनी माइक लावतानाच विचारलं, "ताई, हे आवाज पुढं दुसरीकडं कुठं वाजणार?" हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी निर्मात्यानं विचारायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही कागदावर लिहून घेतलं: हे आवाज फक्त याच नाटकासाठी, दौऱ्यातल्या प्रत्येक प्रयोगाचं मानधन अण्णांना, आणि श्रेयनामावलीत ढोलकीवादक म्हणून त्यांचं नाव, ते बसलेले असोत वा नसोत. कागदावर सह्या झाल्यावरच मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

दुपारी तुलना सुरू झाली. सॅम्पलरची चर्चा निघाली की लोक आधी विचारतात, "कुणाच्या इंजिनचा आवाज चांगला?" म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. तीच थाप मूळ पट्टीवर तिन्हींतून काढली, पातळी जुळवली, मग एकाची फेज उलटी करून, म्हणजे ध्वनीलाट वरची खाली करून, दुसऱ्याबरोबर वाजवली. शांतता. दोन्ही लाटांनी एकमेकींना पुसून टाकलं, म्हणजे आवाज एकच होता. फिल्टर नाही, पट्टी बदललेली नाही, अशा वेळी सॅम्पलर फाइल जशी आहे तशी वाजवतो, त्यात त्याचा स्वतःचा रंग नसतो. पट्टी बदलली की मात्र फरक उरतो, कारण तेव्हा ध्वनीच्या नोंदलेल्या बिंदूंच्या मधले नवे बिंदू काढावे लागतात आणि ते काढायची प्रत्येकाची रीत वेगळी. एक पट्टी वर नेली तर फाइल सुमारे ६ टक्के जलद वाजते आणि ढोलकी किंचित लहान झाल्यासारखी वाटते. तीन पट्ट्या चढवल्या तर १९ टक्के, आणि मग ती ढोलकी राहतच नाही. लांबी तशीच ठेवून पट्टी बदलायची सोय काँटॅक्टमध्ये आहे, पण थापेचा पहिला टोकदार क्षण त्यात विरघळतो. चामड्याच्या वाद्यात सगळा जीव त्याच क्षणात असतो. म्हणून निर्मात्याला मी सांगितलं, पट्टी बदलली तर रेकॉर्डिंग पुन्हा करायचं.

दुसरा फरक आवाजाचा नव्हता, तरी कानाला आवाजाचाच वाटत होता. त्याच पॅडवर तेवढ्याच जोरानं बोट मारलं तरी स्फोरझांडोमध्ये हलके बोल फार दबलेले येत होते. याचं कारण एसएफझेडच्या नियमावलीतच आहे. तिथे बोटाच्या जोराचा आकडा, जो जास्तीत जास्त १२७ असतो, त्या १२७ च्या प्रमाणात घेऊन त्याचा वर्ग करतात, त्यामुळे ६४ जोराचा बोल पूर्ण जोरापेक्षा जवळपास १२ डेसिबल खाली जातो. आमचे हलके बोल मुळातच हलक्या हातानं वाजवलेले, त्यांना पुन्हा दाबायची गरज नाही. एका ओळीत तो परिणाम शून्य केला आणि तिन्ही सारखे झाले. एखाद्या सॅम्पलरमध्ये 'पंच' जास्त आहे असं कुणी म्हटलं की मी आधी हा आकडा तपासते.

मग मेमरीचा प्रश्न, ज्यावर जाहिरातींचा सगळा भर असतो. १९८८ च्या अकाई एस१००० या सॅम्पलर यंत्रात २ एमबी मेमरी यायची, म्हणजे स्टिरिओत जेमतेम १२ सेकंद. दहा वर्षांनी गिगासॅम्पलर आला. फाइलचा सुरुवातीचा तुकडा मेमरीत ठेवायचा आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून वाचायचा, ही त्याची युक्ती. पियानोच्या मोठ्या संचांना ती लागते, ढोलकीला नाही. आमचा बोल दीड सेकंदात संपतो. ४०० फाइली २४ बिटांत, ४८ किलोहर्ट्झवर, स्टिरिओत ठेवल्या तरी १७५ एमबीच्या आत मावतात. ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपलाही ते जड नाही. या बाबतीत तिघांत निवड करायचं कारणच उरलं नाही.

इथवर सगळे सारखेच. मग अण्णांना बोलावलं. ते स्पीकरकडे पाठ करून बसले आणि मी त्यांच्याच बोलांचा एक ठेका तिन्हींतून एकामागून एक वाजवला. कुठला कुठला ते सांगितलं नाही. पहिला ऐकून ते म्हणाले, "उजवा हात माझा हाय. डावा कुणाचा?" दुसऱ्याला तेच. तिसऱ्यालाही तेच, आणि दर वेळी बोट उचललं ते ठेक्याच्या त्याच जागी.

मी तो तुकडा उघडून त्या जागेवर थांबले. तिथे बंद बोलानंतर लगेच घुमारा येत होता. अण्णांनी मांडीवर हात ठेवून दाखवलं. बंद बोल वाजवल्यावर डाव्या हाताचा तळवा चामड्यावर टेकलेलाच असतो. तिथून घुमारा काढायचा म्हणजे आधीच थोड्या चढलेल्या सुरापासून निघायचं, दाब वाढवत वर जायचं. मोकळ्या पुडीवर आघात केला तर मात्र सूर खालून उठतो आणि मग मनगट त्याला वर ढकलतं. मी रेकॉर्ड केलेले सगळे घुमारे दुसऱ्या जातीचे होते, कारण प्रत्येक बोल सुटा, मध्ये शांतता ठेवून वाजवला होता. सॅम्पलिंगची रूढ पद्धत तीच. पियानोची पट्टी आधीच्या पट्टीवर फारशी अवलंबून नसते. ढोलकीच्या डाव्या हाताचा प्रत्येक आवाज आधीच्या बोलातून निघतो.

सुटा घुमारा पिच बेंडनं, म्हणजे सूर वर-खाली करणाऱ्या चाकानं, वर चढवून पाहिला. अण्णांनी मान हलवली. कारण ऐकलं की कळतं: पिच बेंड सगळंच एका मापानं वर नेतो, हाताच्या आघाताची खरखर आणि खोलीची गुंजसुद्धा. खऱ्या वाद्यात दाब वाढला की सूर चढतो, पण आघात आपल्या जागी राहतो, गुंज आखूड होते, आवाजाचा पोत बदलतो. हे कुठल्याही सॅम्पलरच्या एका चाकानं होत नाही. रेकॉर्डच करावं लागतं.

माइक अजून उभे होते. आम्ही परत बसलो आणि जोड्या घेतल्या: बंद बोल आणि घुमारा, थाप आणि घुमारा, घुमाऱ्यावर घुमारा. प्रत्येक जोडीतला दुसरा बोल कापून वेगळा ठेवला. आणि आता तुलनेला खरा प्रश्न मिळाला: आधी काय वाजलं हे कोणता सॅम्पलर लक्षात ठेवतो, आणि किती?

लॉजिकच्या सॅम्पलरमध्ये एक बोल दुसऱ्याला तोडतो, फाइलींचे गट आळीपाळीनं वाजतात, एखादी पट्टी दाबून गट बदलता येतो. मात्र आधीच्या बोलाप्रमाणे आपोआप निवड करायची सरळ सोय मला त्यात सापडली नाही. शिवाय लॉजिक विंडोजवर चालत नाही आणि नाट्यसंस्थेचा लॅपटॉप विंडोजचा. तो इथेच बाजूला झाला.

काँटॅक्टमध्ये हे सगळ्यात नेटकं होतं. त्याला स्वतःची स्क्रिप्ट भाषा आहे. प्रत्येक बोल आला की आधीचा कोणता होता ते बघायचं, आणि इंजिनच्या घड्याळावरून मध्ये किती मिलिसेकंद गेले तेही. अण्णा म्हणाले, थोडं थांबलं की हात उचलतोच. म्हणून मी मर्यादा ४०० मिलिसेकंदांची धरली. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर हात सुटला असं मानून मोकळा घुमारा. अण्णांनी ऐकलं आणि या वेळी बोट उचललं नाही. "आता हात एकाच माणसाचं वाटत्यात," एवढंच म्हणाले.

काँटॅक्टच ठरला असता. पण लॅपटॉप संस्थेचा, परवानाही संस्थेनं घ्यायला हवा. फुकटच्या काँटॅक्ट प्लेअरमध्ये असा घरी बनवलेला संच फक्त १५ मिनिटं वाजतो, मग थांबतो. नायिकेचा दुसरा प्रवेश मध्यंतरानंतर. निर्मात्याला विचारलं तर या दौऱ्यात तेवढा खर्च बसत नव्हता.

म्हणून स्फोरझांडोकडे वळले, आणि इथे एसएफझेडनं मला थक्क केलं. त्या नियमावलीत अगदी पहिल्यापासून एक शब्द आहे, एसडब्ल्यू प्रीव्हियस. त्याच्यापुढे पट्टीचा आकडा (प्रत्येक पॅडला असा एक असतो) लिहिला की ती फाइल तेव्हाच वाजते, जेव्हा लगेच आधीचा बोल त्या पट्टीवरचा असेल. स्क्रिप्ट नाही, घड्याळ नाही, एक ओळ. आधीच्या प्रत्येक बोलासाठी वेगळा संच लिहावा लागतो, पण शेवटी तो मजकूरच. नक्कल करायची आणि आकडे बदलायचे. तासाभरात फाइल तयार झाली. वेळेचं भान मात्र त्यात नाही. नायिका दहा सेकंद थबकली तरी सॅम्पलरच्या लेखी तळवा चामड्यावरच. त्यावर उपाय म्हणून कोपऱ्यातलं एक पॅड मूक ठेवलं. ते दाबलं की आवाज येत नाही, पण 'आधीचा बोल' बदलतो, म्हणजे हात उचलला. ऑपरेटरला हे समजावून सांगावं लागलं नाही. नायिका थबकली की आपणही मूक पॅड दाबायचं, हे तो दोन फेऱ्यांत शिकला, कारण अण्णांचा हात नेमका त्याच क्षणी उठतो हे त्यानं तालमीत पाहिलं होतं.

संध्याकाळी हॉलमध्ये एक अडचण उरली होती: बोट आणि आवाज यांतलं अंतर. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी ध्वनीचे जेवढे बिंदू साठवून पुढे देतो तो साठा, ५१२ वर होता, ४८ किलोहर्ट्झला जवळपास ११ मिलिसेकंद; त्यात ड्रायव्हरचा आणि कंट्रोलरचा वेळ मिळवला की नायिकेच्या पावलामागून थाप येते. १२८ वर आणला, पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत, पण आवाजात खरखर येऊ लागली. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, बॅटरी वाचवायची सोय बंद केली, आणि खरखर थांबली. नायिकेनं पहिला प्रवेश पूर्ण केला. दुसऱ्यात ती ठरल्यापेक्षा लवकर वळली आणि थाप तिच्याबरोबर आली.

तोड, म्हणजे ढोलकीचा सलग जलद तुकडा, मात्र आम्ही एकेका बोलानं पॅडवर ठेवला नाही. त्या लयीत दोन्ही हात एकमेकांत इतके मिसळतात की आधीचा एक बोल पुरत नाही, आधीचे तीन-चार माहीत असावे लागतात. अण्णांनी नायिकेला समोर उभी करून तोड चार वेगवेगळ्या लयींत सलग वाजवून दिला. ते चार तुकडे शेवटच्या चार पॅडवर बसवले आहेत, आणि कुठला घ्यायचा ते ऑपरेटर तिच्या पहिल्या गिरकीच्या वेगावरून ठरवतो.