बुटाची खरी परीक्षा उतारावर

डोंगरात चालण्यासाठी बूट घेताना बहुतेक जण चढाचा विचार करतात. दम चढाला लागतो, घाम चढाला येतो, म्हणून बुटाचा कसही तिथेच लागणार असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चढताना पाऊल सावकाश, बेताने पडते आणि पाय बुटात टाचेच्या बाजूला टेकून राहतो. उतरताना शरीराचा आणि पाठीवरच्या पिशवीचा सगळा भार प्रत्येक पावलागणिक पुढे येतो, पाय बुटात सरकतो आणि बोटे पुढच्या टोकावर आदळत राहतात. हे तासन्‌तास चालले की अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळते, नख काळेनिळे पडते आणि काही आठवड्यांनी गळूनही जाते. म्हणून बूट निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की या बुटात मला लांबलचक उतार सुखाने उतरता येईल का.

याचे उत्तर दुकानातच बऱ्यापैकी मिळू शकते. नाड्या न बांधता बुटात पाय घालावा, तो पुढे सरकवून बोटे टोकाला अलगद टेकवावीत आणि टाचेमागे हाताचे एक बोट जाते का ते पाहावे. बोट आरामात पण फारशी मोकळीक न राहता बसले, तर पुढे साधारण १० ते १२ मिलिमीटर जागा आहे असे समजावे. मग नाड्या नीट बांधून, दुकानात उतरता फळा असेल तर त्यावर, नसेल तर जिन्याच्या पायऱ्यांवरून, जरा जोराने पाय आपटत उतरून पाहावे. बोटे एकदा जरी टोकाला लागली, तरी तो बूट बाजूला ठेवावा. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर इथे अजिबात विसंबू नये, कारण वापराने बूट रुंदीत थोडाफार ऐसपैस होतो, लांबीत नाही.

क्रमांकावर फार भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. इंग्लिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असतो, तर युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर असतो. दोन्ही मोजपट्ट्यांच्या रेघा एकमेकींवर बसतच नाहीत, त्यामुळे खोक्यावर छापलेले रूपांतर हे जवळच्या आकड्यापर्यंत नेलेले असते. शिवाय प्रत्येक उत्पादक ज्या साच्यावर बूट घडवतो त्याचा आकार वेगळा. एकाचा पुढचा भाग पसरट, तर दुसऱ्याचा निमुळता. पायाचेही तसेच आहे. लांबी सारखी असलेल्या दोन माणसांत एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याचा टाचेपासून चवड्यापर्यंतचा भाग लांब असू शकतो. चार्ल्स ब्रॅनॉक या अमेरिकी गृहस्थांनी १९२० च्या दशकात पाय मोजण्याचे जे धातूचे साधन तयार केले, त्यात लांबी आणि रुंदीबरोबर टाच ते चवडा हे अंतरही मोजण्याची सोय आहे, ती याच कारणासाठी. बूट चवड्याच्या ज्या रेषेत वाकतो आणि आपला पाय जिथे वाकतो, त्या दोन जागा जुळल्या नाहीत तर लांबी बरोबर असूनही पाऊल अवघडते.

रुंदी तपासण्याची एक सोपी रीत मला फार उपयोगी वाटते. बुटातला इनसोल, म्हणजे पायाखालचा सुटा आतला तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. पायाची कड, विशेषतः करंगळीच्या बाजूची, इनसोलच्या बाहेर ओघळत असेल, तर तेवढा भाग बुटात दाबला जाणार हे उघड आहे. ही तपासणी दोन्ही पायांनी करावी, कारण दोन पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात, आणि माप नेहमी मोठ्या पायाचे धरावे. लहान पायातली ढिलाई जाड मोज्याने किंवा इनसोलने भरून काढता येते. मोठ्या पायाला झालेल्या अडचणीवर मात्र तसा इलाज नाही.

हे सारे संध्याकाळी करावे. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात आणि डोंगरात तर अधिकच सुजतात. डोंगरात जे मोजे घालणार, तेच घालून जावे. सुती मोजे या कामाला नकोत. सूत घाम शोषून ओले राहते, ओली त्वचा मऊ पडते आणि मऊ त्वचेवर फोड लवकर येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, शिवण बोटांना न टोचणारे मोजे चांगले.

टाचेचे गणित बोटांच्या उलट आहे. पुढे मोकळीक हवी, मागे पकड. नव्या, कडक बुटात चालताना टाच किंचित उचलली गेली तर चालते, पण ती स्पष्टपणे वरखाली घासत असेल तर फोड ठरलेलाच. नाकारण्याआधी नाड्या बांधण्याची पद्धत मात्र बदलून पाहावी. पायाच्या वरच्या फुगवट्यावर, घोटा सुरू होण्याआधी, नाडीला दुहेरी पीळ देऊन ती घट्ट केली की खालचा ताण सुटत नाही आणि टाच जागेवर राहते. उतार सुरू होण्यापूर्वी थांबून नाड्या पुन्हा आवळण्याची सवय तर प्रत्येकाने लावून घ्यावी. इतक्या कमी श्रमात बोटांना इतका आराम देणारे दुसरे काही मला ठाऊक नाही.

आता सोल. बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल किंवा कपडा पिळावा तसा सहज पिळला जात असेल, तर दगडगोट्यांच्या वाटेवर तळवे लवकर थकतात. खोल खाचांचा रबरी सोल आज आपण गृहीत धरतो, पण एके काळी डोंगरातल्या बुटांना लोखंडी खिळे ठोकलेले असत. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला; त्यांच्या मोहिमेत असलेल्या विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकांना अपुऱ्या पादत्राणांचा दोष प्रकर्षाने जाणवला आणि त्यातून त्यांनी रबरी सोल विकसित केला. १९३७ मध्ये त्यांच्या नावावरूनच या सोलला ‘व्हिब्रम’ हे नाव आले. रबराच्या निवडीत एक तडजोड असतेच: मऊ रबर ओल्या कातळाला चांगले धरते पण लवकर झिजते, कडक रबर टिकते पण ओल्या खडकावर घसरते. मी पकडीच्या बाजूने कौल देतो.

पाणी रोखणाऱ्या अस्तराबद्दल उत्साह जरा आवरावा. १९६९ मध्ये बॉब गोर या अमेरिकी अभियंत्यांना जो ताणलेला, सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ गवसला, त्यावर आधारलेले अस्तर ओल्या गवतात आणि थंड चिखलात खरोखर उपयोगी पडते. पण घोट्यावरून पाणी एकदा आत शिरले की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही आणि बूट वाळायला फार वेळ लागतो. उष्ण हवेत किंवा वारंवार ओढे ओलांडावे लागणाऱ्या वाटेवर, लवकर वाळणारा जाळीदार बूट मला अधिक शहाणपणाचा वाटतो. वजनाचेही तसेच आहे. पायात वागवलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पटींनी थकवते, म्हणून जड चामड्याचा उंच बूट खडकाळ वाटेसाठी आणि मोठ्या ओझ्यासाठी राखावा. उंच गळ्याचा बूट घोट्याला दगडांच्या टकरीपासून जपतो. घोटा मुरगळणारच नाही, अशी हमी मात्र तो देत नाही.

नवे बूट आधी घरात, मग छोट्या फेऱ्यांत, मग ओझ्यासह वापरावेत. चालताना एखादी जागा गरम झाल्यासारखी वाटली की पुढच्या थांब्याची वाट न पाहता तिथेच बूट काढून चिकटपट्टी लावावी, कारण त्या क्षणी फोड अजून आलेला नसतो.

आणि वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेला जुना बूट पुन्हा काढताना, वरून तो कितीही धडधाकट दिसला तरी, त्याचा मधला थर, म्हणजे सोल आणि वरचा भाग यांमधला थर, अंगठ्याने दाबून पाहावा. पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा थर हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होतो, न वापरताही, आणि मग भर वाटेत सोल बुटापासून सुटून येतो. दाबल्यावर तिथे भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला, तर तो बूट डोंगरात नेऊ नये. वरचे चामडे चांगले असेल तर नवा सोल बसवून घेता येतो का, एवढे चौकशी करून पाहावे.