गायमुखच्या चढावर ०.७८ : नॅरोबँड काढून वाइडबँड बसवला, त्याची नोंद

मंडळी, वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात सांगणारा सेन्सर, अखेर बसला. गाडी तीच, १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच-०४ पासिंग. पाच रविवार गेले, पण वर्षभरात जे कळलं नव्हतं ते या पाच रविवारांत कळलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधीची परिस्थिती सांगतो. वर्षभर नॅरोबँड, म्हणजे त्याच कामाचा जुना साधा सेन्सर, आणि त्याचं व्होल्टेज दाखवणारी दहा एलईडींची पट्टी एवढ्यावर काम चाललं होतं. घोडबंदर रोडला चाळीस-पंचेचाळीसच्या एकसारख्या वेगात पट्टी पार खाली, ०.१ व्होल्ट. गायमुखच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की सगळे दिवे पेटलेले, ०.८८. मी समजलो, चालताना जरा लीन (पेट्रोल कमी) आणि चढाला रिच (पेट्रोल जास्त), कार्ब्युरेटरच्या गाडीचं असंच असतं. पण मग चढाला गाडी दमते का? सायलेन्सरच्या तोंडाला बोट फिरवलं तर काजळी का येते? आणि सपाट रस्त्यावर हलके हिसके कसले? याचं उत्तर पट्टीत नव्हतं.

ते तिथे असणारही नव्हतं. नॅरोबँडच्या आत झिर्कोनियाची टोपी असते, तिला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. लॅम्डा म्हणजे जळायला नेमकी लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा; १च्या खाली रिच, वर लीन. मिक्श्चर बरोबर लॅम्डा १ला, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं असलं, की ते ०.४५च्या आसपास असतं. तिथून जरा रिच झालं की एकदम ०.८ व्होल्ट, जरा लीन झालं की ०.१. मधली उडी इतकी सरळ आहे की उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे तो अचूक सांगतो. किती आत आहोत ते सांगत नाही. लॅम्डा ०.९ आणि ०.७५ यांच्यात व्होल्टेज जेमतेम काही शतांश बदलतं, आणि सेन्सर तापला तरी तेवढंच सरकतं. त्यामुळे माझं चढावरचं ०.८८ म्हणजे चांगलं रिच की पेट्रोल ओतलं जातंय, हे त्या पट्टीवरून ओळखणं शक्यच नव्हतं.

नॅरोबँडला कमी लेखू नका मात्र. १९७६ साली बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला तो थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), आणि कन्व्हर्टरला नेमका लॅम्डा १ लागतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मिक्श्चर सतत उंबरठ्याच्या या बाजूला, त्या बाजूला करत राहतो. त्या कामाला याच्यासारखा स्वस्त आणि टिकाऊ साथीदार दुसरा नाही. इंजेक्शनच्या गाडीतला मूळ सेन्सर कुणी उगाच काढू नये. माझ्या गाडीत ईसीयूच नाही, मला आकडा वाचून कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकांचे तुकडे, ठरवायचे होते.

वाइडबँडमध्ये तोच सेल असतो, पण त्याच्याजवळ एक बारीक पोकळी आणि ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा दुसरा सेल, पंप सेल. सेन्सर चालवणारा कंट्रोलर पोकळीतला वायू कायम लॅम्डा १ला, म्हणजे पहिला सेल ०.४५ व्होल्टला धरून ठेवतो. त्यासाठी पंप सेलला किती करंट द्यावा लागला आणि कुठल्या दिशेने, त्यावरून लॅम्डा कळतो. ही कल्पना मला फार आवडते. घेतला बॉशचा एलएसयू ४.९. जुन्या ४.२ला अधूनमधून मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावं लागतं, ४.९ला ती कटकट नाही.

बसवण्याबद्दल सांगतो, कारण निम्मी फसगत इथेच होते. वागळे इस्टेटमधल्या टर्नरकडून स्टीलचा बंग (सेन्सर ज्यात बसतो ती आट्यांची कडी) करून घेतला, १८ एमएम, दीड पिच. वेल्डिंग करताना जुना मेलेला नॅरोबँड त्यात फिरवून घट्ट बसवून ठेवला, नाहीतर उष्णतेने आटे वाकतात आणि नवा सेन्सर तिरका बसतो. जागा मॅनिफोल्डनंतरच्या पाइपवर, तोंड वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये. खाली तोंड करून लावला तर सकाळी पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि सेन्सर तडकतो. याच कारणाने सेन्सरमधल्या हीटरची लाइन इंजिन सुरू झाल्यावरच चालू होईल अशा रिलेवर घेतली. उलटही लक्षात ठेवा, सेन्सर पाइपात बसलाय आणि हीटर बंद, अशी गाडी चालवायची नाही. काजळीने तो मरतो.

पहिल्या रविवारी आयडलला लॅम्डा १.२० दिसला आणि मी चक्रावलो. इतक्या लीन मिक्श्चरवर हे इंजिन आयडलला टिकणारच नाही. मग थंड गाडीच्या सायलेन्सरला व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर लावला आणि फ्लँजवर साबणाचं पाणी ओतलं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी एका कोपऱ्यात फेस फुगायला लागला, मोत्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. आयडलला तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर इमानाने तोच ऑक्सिजन मोजत होता. गॅस्केट बदललं, आयडल ०.९६ला आलं. मिसिंग करणाऱ्या गाडीतही असंच होतं : न जळलेल्या मिक्श्चरमधला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि आकडा लीन दिसतो. प्लग आणि वायरी आधी तपासा, जेट नंतर.

दुसरी अडचण : हेडलाइट लावले की लॉगरमधला (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र) लॅम्डा ०.०२ने सरकायचा. कंट्रोलरचा अर्थ (अर्थिंगची वायर) डॅशबोर्डच्या पत्र्याला आणि लॉगरचा बॅटरीला होता. दोन्ही इंजिन ब्लॉकवरच्या एकाच बोल्टला आणले, सरकणं थांबलं.

तिसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. गायमुखला ट्रकांची रांग लागायच्या आत तेवढाच वेळ मिळतो. धाकटा भाऊ चालवत होता, मी वही घेऊन शेजारी. चढ लागला, त्याने तिसऱ्यात पाय दाबला. ०.८४, ०.८१, ०.७८. तिथेच थांबला. भाऊ म्हणाला, "दादा, काय झालं?" मी काही बोललो नाही, त्याला परत वळवायला लावलं आणि तोच चढ पुन्हा केला. पुन्हा ०.७८. फुल लोडला मला ०.८६ ते ०.८८ हवा होता. आणि इतकं पेट्रोल वाहत असताना पट्टीवर तेच दहा दिवे असायचे. परतीच्या सपाट रस्त्यावर, जिथे नॅरोबँड ०.१ सांगायचा, तिथे १.१२. हिसके तिथलेच.

कार्ब्युरेटर उतरवला. त्याला दोन बॅरल, म्हणजे हवेच्या दोन वाटा, प्रत्येकीला वेगळं जेट. पहिल्या बॅरलचं जेट मूळ नंबरचं, स्वच्छ. दुसऱ्या बॅरलचं, जे पाय पूर्ण दाबल्यावर कामाला येतं, ते उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं. पितळेवर नंबर मूळचाच, पण भोकाच्या आत गोल गोल ओरखडे. आधी कधीतरी कुणी मेकॅनिकने 'पिकअप वाढवून देतो' म्हणून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवला असणार. याचं मला खरंच वाईट वाटलं, इतकी वर्षं हे इंजिन उगाच पेट्रोल पीत होतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या स्टॉकमध्ये मूळ मापाचं जेट मिळालं.

मग पहिलं बॅरल मूळचं असूनही लीन का? कारण पेट्रोल बदललंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे लॅम्डा १ला लागणारं प्रमाण १४.७वरून साधारण १३.५वर येतं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू सेन्सर बघून तेवढं पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काही समजत नाही. पूर्वी ठीक चालणारी गाडी त्याच जेटवर आठ-नऊ टक्के लीन होते. म्हणून मीटर एएफआरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) न ठेवता लॅम्डावर ठेवा. मीटरला टाकीत काय आहे ते माहीत नसतं, तो लॅम्डाला १४.७ने गुणून दाखवतो. पहिल्या बॅरलला एक नंबर मोठं जेट घातलं.

पाचव्या रविवारी चढाला ०.८७, सपाट रस्त्याला १.०३. हिसके गेले. चढाला चौथ्यावरून तिसऱ्यात यावं लागायचं, तिथे आता चौथा टिकतो. नवे प्लग तीन आठवड्यांनी काढले, टोकाला फिकट तपकिरी रंग. पीयूसीला सीओ १.१ टक्के आला, माझ्या जुन्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची. पण हेही नोंदवतो की चढाला ०.७८ असतानाही ही गाडी पीयूसी पास होत होती, कारण ती तपासणी उभ्या गाडीची, आयडलला होते.

राहिलंय ते अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल फेकणाऱ्या छोट्या पंपाचं. पाय एकदम दाबला की अर्धा सेकंद आकडा १.३ला उडी मारतो आणि गाडी क्षणभर अडखळते. डायफ्रॅम कडक झालाय असं वाटतं, हाताने दाबल्यावर पेट्रोलची धार बारीक आणि उशिरा येते. नवा डायफ्रॅम आणलाय. येत्या रविवारी पाऊस उघडला तर तो बसवून पहाटे पुन्हा गायमुखला जाईन.