५८६० चा सेट

आधीच सांगते, यातलं मी काय फार हुशारीनं केलेलं नाहीये. निम्मं रडत केलं आणि निम्मं आप्पांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, परत पैशाचा विषय काढायला तोंड नव्हतं म्हणून केलं. पण यावर्षी आमच्या भागातल्या दोन-तीन मुलींनी फोन करून विचारलं की पुस्तकांचं काय केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी तासगाव तालुक्यातली. २०२४ ला बी.फार्मला सांगलीत नंबर लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारचा जीआर निघाला होता, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ, फक्त ॲडमिशन कॅपमधनं, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतनं पाहिजे. आमचे दाखले सगळे बसले आणि फी माफ झाली. त्यामुळं गावात जो भेटेल तो म्हणायचा, काय बाबा तुमच्या पोरीचं तर समदं फुकाट. एसटीला पण हाफ तिकीट. आप्पा पण हसून हो म्हणायचे. पुस्तकं त्या जीआरमध्ये येत नाहीत हे ना त्यांना माहीत ना मला.

ॲडमिशन होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना ऑक्टोबर म्हणजे काय ते कळेल. फळछाटणी, पेस्ट लावायला बायका, वर पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या भीतीनं औषधावर औषध, नुसता पैसा जायचा महिना, यायचा नाही. आणि कॉलेजच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी वर्गात येऊन सांगितलं की सोमवारपर्यंत सगळ्यांनी स्टोअरमधनं फर्स्ट सेमचा सेट घ्या, प्रॅक्टिकलला त्याशिवाय बसायला मिळणार नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून दोन वर्षं काढायचीत तिथं.

स्टोअर म्हणजे जिन्याखालची एक खोली. काउंटरवर एक काका. मी म्हणलं काका मला फक्त ॲनाटॉमीचं आणि जर्नल द्या आत्ता, बाकीचं नंतर नेते. मान पण वर केली नाही त्यांनी, "सुटं नाही मिळत, सेट आहे, पाच हजार आठशे साठ, ऑनलाइन का कॅश?" माझ्याकडं सहाशे रुपये होते. मागं लाईन होती. मी बाजूला झाले आणि उगीच मोबाईल बघत उभी राहिले, कुणाला वाटू नये की पैसे नाहीत म्हणून.

घरी सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "घे की मग, पुस्तकं हायत, चैन हाय का ती? सोमवारी सौदा हाय, काढतो बेदाणा." आमचा थोडा बेदाणा कोल्ड स्टोरेजला होता. रेट पडला होता म्हणून ते थांबले होते, व्यापारी किलोला १३० म्हणत होता. रात्री झोप येईना तर मी हिशोब घातला. पंधरा किलोचा बॉक्स, १३० नं १९५०, तीन बॉक्स म्हणजे ५८५०. म्हणजे तीन बॉक्स बेदाणा आणि वर दहा रुपये. तो हिशोब घातला नसता तर गपचूप सेट घेतला असता मी, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी जी मुलगी शेजारी बसते तिनं सेट घेतला होता. तिला म्हणलं मला पावती दाखव. छापील बिल नव्हतंच, एक कच्ची चिठ्ठी होती, पण त्यावर एकेक आयटम आणि किंमत लिहिलेली होती. त्याचा फोटो काढला आणि घरी जाताना एसटीत बसून वहीत उतरवला, आणि तिथं पहिल्यांदा कळलं की हा सेट म्हणजे काय भानगड आहे.

त्यात एक जाडजूड ॲनाटॉमीचं फॉरेन ऑथरचं पुस्तक होतं, एकट्याचेच १८९५. शिवाय ॲनाटॉमीचंच लोकल ऑथरचं वेगळं, ५२५. एकाच विषयाची दोन. आणि कहर म्हणजे रेमेडियल बायोलॉजी पण होतं आणि रेमेडियल मॅथ्स पण. आता ज्यांनी फार्मसी केलंय त्यांना माहीत असेल, रेमेडियल म्हणजे बारावीला नसलेला विषय भरून काढायला, म्हणून बारावीला ज्याचा ग्रुप पीसीबी (बायोलॉजीवाला) त्याला रेमेडियल मॅथ्स, ज्याचा पीसीएम (मॅथ्सवाला) त्याला बायोलॉजी. दोन्ही कुणालाच लागत नाही. मी पीसीबीची, मला ते बायोलॉजीचं पुस्तक काय करायचंय? पण सेटमध्ये आहे म्हणून वर्गातल्या सगळ्यांनी दोन्ही घेतली, दोन्हींचे पैसे भरले, आणि कुणी विचारलं पण नाही. मी पण विचारलं नसतं, पहिल्या आठवड्यात कोण विचारतंय, आपल्याला तर सर कुठले आणि शिपाई कुठले हे पण कळत नसतं. मला वाटतं सेट खपतो तो ह्या पहिल्या आठवड्याच्या भीतीवरच, नाहीतर दिवाळीनंतर तोच सेट विकून दाखवावा त्यांनी.

मग मी वहीत तीन भाग पाडले. ज्याच्यावर लिहायचंय, ज्यातनं वाचायचंय, आणि ज्याची गरजच नाही.

लिहायचं म्हणजे प्रॅक्टिकलची मॅन्युअल आणि जर्नल. चार मॅन्युअल १८० प्रमाणं ७२०, आणि कॉलेजचं नाव छापलेली पाच जर्नल ४५०. यातनं सुटका नाही, कारण मॅन्युअलमध्ये रिकाम्या जागा भरायच्या, त्यावरच सर सही करणार, म्हणजे मागच्या वर्षीचं जुनं चालतच नाही. पुस्तक एकदा छापलं की चार जणांच्या हातातनं जातं, हे मात्र दरवर्षी नवीन. माझा मामेभाऊ अमेरिकेत एमएस करतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला आमच्याकडं पण तेच गं, फक्त कागदाऐवजी कोड आहे. पुस्तकाबरोबर एक ॲक्सेस कोड येतो, होमवर्क सगळं त्या वेबसाईटवर, आणि कोड एकदाच चालतो, त्यामुळं सेकंडहँड पुस्तक घेतलं तरी कोडचे पैसे वेगळे मोजायचेच. त्यांच्याकडं २००८ ला कायदा झालाय म्हणे की प्रकाशकानं पुस्तक आणि बरोबरच्या वस्तू सुट्या पण विकायला ठेवायच्या आणि किंमत प्रोफेसरला आधी सांगायची. म्हणजे सेटचं दुखणं तिथं पण आहेच. मला उगीच बरं वाटलं.

त्यालाच मी त्या १८९५ वाल्या पुस्तकाचं विचारलं, कारण मैत्रिणीच्या कॉपीवर मागं छापलं होतं की फक्त भारतात आणि आसपासच्या देशात विक्रीसाठी. मला वाटायचं आपल्याला महाग देतात. तर उलटंच, हीच पुस्तकं तिकडं कितीतरी जास्त किमतीला असतात, आपल्याकडं स्वस्त कागदावरची एडिशन येते. किर्तसेंग नावाचा थायलंडचा एक मुलगा तिकडं शिकायला होता, त्यानं घरच्यांकडनं थायलंडमधली स्वस्त पुस्तकं मागवून अमेरिकेत ऑनलाइन विकली, प्रकाशकानं केस टाकली, आणि २०१३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात तो मुलगा जिंकला. मला हे ऐकून भारी वाटलं पण माझे १८९५ काय त्यानं कमी होईनात.

ते कमी केले लायब्ररीयन सरांनी. मी बी.टी. कार्ड, म्हणजे पुस्तकं घरी न्यायचं कार्ड, काढायला गेले होते, सरांनी यादी बघितली आणि विचारलं हे जाडं कशाला घेतेस. म्हणलं सेटमध्ये आहे. "अगं हे रेफरन्स आहे, आपल्याकडं अकरा कॉप्या पडून आहेत, कोण हात लावत नाही." मग त्यांनी बुक बँकचं सांगितलं, ५०० डिपॉझिट भरायचं, सेमभर दोन पुस्तकं घरी, सेम संपली की डिपॉझिट परत. हे कुठंच लिहून लावलेलं नाही, विचारलं तरच कळतं. कम्युनिकेशन स्किल्सचं पण तिथंच मिळालं, ते तर परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं असतं, विकत घेणाऱ्याला माझा नमस्कार. सरांनीच दाखवलं की ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं अख्खं पुस्तक ओपनस्टॅक्सवर फुकट पीडीएफमध्ये आहे, अमेरिकेतल्या राईस युनिव्हर्सिटीचं काम, २०१२ पासून ते अशी पुस्तकं फुकट काढतायत, चोरीची पीडीएफ नाही, त्यांनीच दिलेली. आकृत्या एक नंबर आहेत. मोबाईलवर वाचून डोळे जातात ते सोडा.

मधे मी झेरॉक्सचा पण नाद केला. कॉलेज कॉर्नरला एका दुकानात गेले, म्हणलं दादा हे पुस्तक पूर्ण मारून द्या, तो म्हणाला अख्खं नाही मारत, चॅप्टर मारतो. मला राग आला, पण सर म्हणाले त्याचं बरोबर आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर २०१२ ला तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केस घातली होती, तो सिलॅबसप्रमाणं निवडक चॅप्टरचे गठ्ठे बांधून विकायचा म्हणून. २०१६ ला हायकोर्टानं झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिला, कॉपीराईट कायद्यातच कलम ५२ मध्ये शिकण्या-शिकवण्यासाठी सूट आहे म्हणून, आणि २०१७ ला प्रकाशकांनी केसच मागं घेतली. पण ते निवडक चॅप्टरचं होतं, अख्ख्या पुस्तकाचं नाही. आणि हिशोब घातला तर अख्खं झेरॉक्स करून स्पायरल मारायला जेवढे जातात त्यात जुनं ओरिजिनल येतं, मग कशाला.

जुन्याचं गाडं मात्र दोन आठवडे अडलं. सगळे म्हणायचे पुण्याला जा, अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं. मिळतं हो, पण जायचं यायचं भाडं आणि एक दिवस, चार पुस्तकांसाठी परवडत नाही, ज्याला पंधरा-वीस घ्यायचीत त्यानं जावं. मग सांगलीतच हरभट रोडला जरा आत गल्लीत एक आजोबा जुनी पुस्तकं घेऊन बसतात असं कळलं. गेले तर दुकान कसलं, ढीग. म्हणाले एकोणीसच्या पुरात निम्मी पुस्तकं गेली, त्यातली वाळवलेली ही बघ, आणि खरंच काही पुस्तकं फुगून डबल झालेली, पानं पिवळी नाही तर चक्क मातीच्या रंगाची. फार्मसीचं मला म्हणाले मागच्या सहा-सात वर्षातलं कुठलंही उचल, सिलॅबस तोच आहे. मला वाटलं विकायसाठी बोलतायत, पण कॉलेजात विचारलं तर बरोबर निघालं, फार्मसी कौन्सिलचा सिलॅबस २०१६-१७ पासून सगळ्या देशात एकच, त्यामुळं २०१९ चं पुस्तक काय आणि केरळातल्या पोराचं पुस्तक काय, युनिट तीच. फार्मास्युटिक्स १२० ला दिलं, इनऑरगॅनिक १३० ला, रेमेडियल मॅथ्स साठला. मी घासाघीस करायला गेले तर म्हणाले, "परत आणून दे सेम झाल्यावर, निम्मे देतो." बोलती बंद.

ॲनालिसिसचं थर्ड इयरच्या एका ताईनं दिलं, १५० घेतले, पण वर ॲनाटॉमीचं प्रॅक्टिकल हँडबुक तसंच दिलं. तिला विचारायला मी चार दिवस घाबरत होते आणि ती म्हणाली बरं झालं आलीस, आई रद्दीत घालणार होती. लोकल ऑथरचं ॲनाटॉमी नवीनच घेतलं, ते रोज लागतं. हरभट रोडच्याच दुसऱ्या दुकानात वीस टक्के कमी करून ४२० ला मिळालं. एमआरपीच्या वर विकता येत नाही, खाली कितीही विकता येतं, आमच्या स्टोअरला हे खालचं कुणी सांगितलेलं नसावं. ॲप्रन बाहेर ३२० ला, स्टोअरमध्ये ४५० होता, कापड तेच, फक्त खिशावर कॉलेजचा लोगो नाही, तो कुणी बघत पण नाही.

राहिली मॅन्युअल आणि जर्नल, आणि त्यासाठी परत त्याच काउंटरला जायचं होतं. यावेळी एकटी गेले नाही, आम्ही सहाजणी गेलो. मला बघून पाच जणींनी सेट अडवून धरला होता. काका म्हणाले सेट आहे. मी म्हणलं काका, मॅन्युअल आणि जर्नल तेवढं द्या, बाकीचं आमच्याकडं आहे, आणि त्या रेमेडियलचं दोन्ही विषय एकाच मुलाला कसं लागतं तेवढं सांगा. आवाज कापत होता माझा. काका जरा वेळ बघत बसले आणि मग आत बघून कुणाला तरी म्हणाले, "सुटं दे रे ह्यांना." झालं. एवढंच होतं. दोन आठवडे मी काय काय भांडण डोक्यात करून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य पण लागलं नाही.

एकूण गेले २३७०, आणि डिपॉझिटचे ५०० वेगळे, ते परत मिळाले. आप्पांनी बेदाणा नंतर काढला, रेट काय फार वाढला नव्हता, पण काढायची वेळ तरी त्यांनी ठरवली.

फटका एकच बसला, इनऑरगॅनिकच्या जुन्या पुस्तकात आधीच्या मालकानं दोन पानांवर मोठ्ठं लिहून ठेवलं होतं "हे येत नाही". मी सोडून दिलं. ते आलं. सात मार्क गेले.

रेमेडियल मॅथ्सचं मी आजोबांना परत दिलं नाही, अजून माझ्याकडंच आहे. पहिल्या पानावर तीन मुलींची नावं आहेत, चौथं माझं. पीसीबीवाली कुणी यंदा सांगलीला येणार असेल तर घेऊन जा, तीसला देते, इंटिग्रेशनचं एक पान सुटलंय ते सेलोटेपनं चिकटवलंय.